हा आमचा डिलन नाही!

भुतांच्या केसेस घेणारा डिटेक्टिव्ह, हात निखळलेला झोंबी असिस्टंट आणि पडद्यासमोर पडलेले दोन तट. ‘डिलन डॉग’चा सिनेमा बघून कॉमिक्सवाले एवढे का चिडले आणि बाकीचे एवढे का हसले?

तर झालं असं, की शनिवारी रात्री आमच्या फ्लॅटवर पाच जणांनी मिळून ‘डिलन डॉग: डेड ऑफ नाइट’ लावला. भेळ झाली होती, लाइट बंद होते, लॅपटॉप खुर्चीवर. सिनेमात डिटेक्टिव्हचा असिस्टंट मार्कस मरतो, झोंबी होऊन उठतो आणि ‘मी मेलोय’ हे मान्यच करत नाही, तिथे आमच्यातला एक जण हसून हसून अक्षरशः गादीवरून खाली आला. बाकीचे दोघंही खिदळत होते. मीसुद्धा. फक्त माझी रूममेट शांत होती. थोड्या वेळाने ती उठून किचनमध्ये गेली. चहा टाकते म्हणाली आणि तिकडेच थांबली.

ती दोन वर्षांपासून इटालियन शिकतेय. वाचनाचा सराव म्हणून तिने ‘डिलन डॉग’ची कॉमिक्स वाचायला घेतली आणि नंतर सराव बाजूला राहिला, कॉमिक्सच उरली. चहा घेऊन आल्यावर ती एवढंच म्हणाली, “अगं, हा तो नाहीच. ह्याचं नाव फक्त तेच ठेवलंय.”

“अरे पण मजा येतेय ना!” गादीवरचा म्हणाला. त्यावर जो वाद सुरू झाला तो रात्री अडीचपर्यंत चालला. सिनेमा मध्येच पॉजवर राहिला. आणि मला या आठवड्याचा विषय मिळाला. कारण आमच्या खोलीत जे झालं, तेच २०११ मध्ये हा सिनेमा थिएटरमध्ये आला तेव्हा झालं होतं. फक्त मोठ्या प्रमाणावर.

आधी हा डिलन कोण?

आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून थोडक्यात. १९८६ मध्ये इटलीत तित्सियानो स्क्लावी या लेखकाने हे पात्र जन्माला घातलं. सर्जिओ बोनेल्ली ही तिथली मोठी कॉमिक्स प्रकाशन संस्था. दर महिन्याला शंभरेक पानांचा ब्लॅक अँड व्हाइट अंक, पेपरच्या स्टॉलवर मिळणारा. पहिला अंक अंजेलो स्तानोने चितारला होता. नव्वदच्या दशकात या अंकांचा खप लाखांमध्ये गेला. ‘नेम ऑफ द रोझ’वाले उम्बेर्तो एको हे या कॉमिक्सचे जाहीर चाहते होते.

डिलन लंडनमध्ये क्रेव्हन रोडवर ७ नंबरच्या घरात राहतो. ‘नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’चा दिग्दर्शक वेस क्रेव्हन याला केलेला हा सलाम. दाराची बेल वाजवली की टिंगटाँग होत नाही, किंकाळी ऐकू येते. डिलन पूर्वी स्कॉटलंड यार्डमध्ये होता. आता ‘दुःस्वप्नांचा तपासनीस’ म्हणून काम करतो. फी दिवसाला ५० पाउंड, वर खर्च. लाल शर्ट, काळं जॅकेट, जुनी फोक्सवॅगन बीटल. दारूचं व्यसन होतं, आता थेंबही घेत नाही. मांस खात नाही. विमानाची भीती, उंचीची भीती, वटवाघळांची भीती. क्लॅरिनेट वाजवतो पण सूर एकच. एक खेळण्यातलं जहाज वर्षानुवर्षं जोडत बसलाय, ते पूर्ण होत नाही. आणि दर अंकात नव्याने प्रेमात पडतो.

सोबतीला ग्राउचो. जुन्या हॉलिवूडमधला विनोदवीर ग्राउचो मार्क्स याच्यासारखा हुबेहूब दिसणारा असिस्टंट. घरात प्रेत पडलेलं असताना हा पाणचट जोक मारणार. क्लायंट रडत आला तरी जोक. डिलन पिस्तूल जवळ बाळगत नाही. नेमक्या वेळी ग्राउचो ते त्याच्याकडे भिरकावतो. थोडक्यात, हिरो घाबरट आणि साथीदार अतरंगी. तरीही दोघं मिळून वाचकाला चाळीस वर्षं धरून ठेवतात.

सिनेमात काय उरलं?

सिनेमा इटलीत १६ मार्च २०११ ला लागला आणि अमेरिकेत २९ एप्रिलला. म्हणजे ज्यांच्या लहानपणीचा हा हिरो, त्यांनीच तो आधी पाहिला. दिग्दर्शक केव्हिन मन्रो. त्याने आधी ‘टीएमएनटी’ हा निन्जा टर्टल्सचा ॲनिमेशनपट केला होता. डिलनच्या भूमिकेत ब्रँडन राउथ, म्हणजे ‘सुपरमॅन रिटर्न्स’मधला सुपरमॅन. मार्कसचं काम सॅम हंटिंग्टनने केलंय, तो त्याच सिनेमात जिमी ऑल्सन होता. जोडी आधीच जमलेली होती, असं म्हणू.

गोष्ट लंडनमधून उचलून न्यू ऑर्लिन्सला नेली. ग्राउचो नाही. डिलनला वडिलांसारखा सांभाळून घेणारा इन्स्पेक्टर ब्लॉक नाही. बीटल आहे, पण रंग उलटे: पांढऱ्या गाडीवर काळं छत होतं, ते काळ्या गाडीवर पांढरं झालं. इथला डिलन व्हॅम्पायर, वेअरवुल्फ आणि झोंबी यांच्यातली शांतता राखायला नेमलेला माणूस होता. त्याच्या बायकोचा खून झाला, त्याने सूड घेतला आणि ते सगळं सोडून आता तो नवराबायकोच्या लफड्यांच्या केसेस घेतो. मग एलिझाबेथ नावाची मुलगी येते. तिच्या वडिलांना कुणीतरी फाडून टाकलंय. आणि डिलनला पुन्हा जुन्या धंद्यात उतरावं लागतं.

हे वाचून लक्षात आलं असेल, की गोष्ट वाईट नाही. फक्त ओळखीची आहे. मेलेली बायको, सोडलेला धंदा, ‘शेवटची एक केस’ हे आपण कितीतरी सिनेमांमध्ये पाहिलंय. कॉमिक्समधला डिलन मात्र दुसऱ्या कुठेच भेटत नाही. इटालियन चाहते बिथरले ते याचमुळे.

पैशांच्या भाषेतला निकालही स्पष्ट होता. बजेट साधारण २ कोटी डॉलर आणि जगभरची कमाई ५० लाख डॉलरपेक्षाही कमी. समीक्षकांनी धुतलं, थिएटर रिकामी राहिली, विषय संपला. फ्लॉप सिनेमांच्या यादीत आणखी एक नाव.

हसणाऱ्यांचंही ऐकू

पण आमच्या गादीवरच्याचं काय? त्याने कॉमिक्स वाचलेलं नाही. त्याला हातात मिळाला तो पावणेदोन तासांचा, फार डोकं न लावता बघता येणारा पट. त्याला तो आवडला आणि का आवडला हे तो नीट सांगू शकत होता.

त्याचं म्हणणं असं: यातला सगळ्यात भारी भाग म्हणजे मार्कस. मार्कसचा हात तुटतो, मग झोंबींना स्पेअर पार्ट विकणाऱ्या दुकानातून दुसऱ्याच कुणाचा तरी हात लावून घ्यावा लागतो. नव्याने मेलेल्यांसाठी सपोर्ट ग्रुप आहे, खुर्च्या गोलात मांडून बसलेला. पिझ्झा-बर्गर बंद, आता अळ्या खा. आयुष्य अचानक बदललं की माणूस कसा ‘छे, हे माझ्यासोबत नाही होऊ शकत’ करत राहतो, ते त्या पोराने झकास दाखवलंय. माझा मित्र म्हणाला, की बारावीच्या निकालानंतरचे दोन महिने तो असाच होता. आम्ही हसलो, पण तो पूर्ण गंमत करत नव्हता.

आणि त्याचं चुकलं नाही. सिनेमा आवडलेल्यांमध्ये मार्कसच जास्त लाडका ठरला. भूत, पोलिसी तपास आणि विनोद ही भेळ आपल्याला तर १९९३ च्या ‘झपाटलेला’पासून पचते. घाबरता घाबरता हसू येणं हा आपला जुना छंद आहे. त्यामुळे ‘मूळ वाचलं नाहीस म्हणून तुला आवडलं’ असं म्हणून कुणाला गप्प करणं मला पटत नाही. तिकीट त्यानेही काढलेलं असतं.

मग दुखलं कुठे?

मी रूममेटला विचारलं, “तुला नक्की कशाचा राग आलाय? लंडन नाही म्हणून? की गाडीच्या रंगाचा?” मला वाटलं होतं ती यादीच वाचेल. चाहते तेच करतात असा आपला समज असतो: हे गाळलं, ते बदललं, बटणांचा रंग चुकला.

तिने यादी वाचली नाही. तिने दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली १९ व्या अंकातली. एक माणूस अदृश्य होतो. कुठला प्रयोग नाही, शाप नाही. आयुष्यभर त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही, म्हणून तो दिसेनासा झाला. बस.

दुसरी ८१ व्या अंकातली, १९९३ ची. जॉनी फ्रीक. ऐकू न येणारा, बोलता न येणारा एक मुलगा, पाय नाहीत. हळूहळू कळतं की त्याच्या आईवडिलांनीच त्याला लपवून ठेवलं होतं. दुसऱ्या मुलाला जगवण्यासाठी याच्या शरीरातले अवयव काढले जात होते. या गोष्टीत राक्षस नाही, भूत नाही, वेअरवुल्फ नाही. घरातली माणसं आहेत.

खोलीत शांतता पसरली. गादीवरचाही गप्प.

“कळलं?” ती म्हणाली. “तिथे डिलन राक्षसांना मारत सुटत नाही. बऱ्याचदा त्यालाच राक्षसाची दया येते. तो स्वतः घाबरलेला असतो, म्हणून त्याला दुसऱ्याची भीती कळते. आणि ग्राउचोचे जोक त्या सगळ्यातून श्वास घ्यायला असतात. ग्राउचो काढून टाकला, घाबरट माणसाचा फायटर केला, मग राहिलं काय? लाल शर्ट.”

मला वाटतं चाहत्यांच्या रागाचं नेमकं कारण हेच आहे. एखाद्या वस्तूची जागा बदलली म्हणून वाचक इतका चिडत नाही. त्या गोष्टीतली भीती कशाची होती, हे करणाऱ्याला समजलंच नाही असं वाटलं, की चिडतो. कॉमिक्स विचारतं, राक्षस नक्की कोण? सिनेमा विचारतो, खून कुठल्या टोळीने केला? दुसरा प्रश्नही चालतो. पण पहिल्या प्रश्नासाठी दर महिन्याला पेपरच्या स्टॉलवर जाणाऱ्याला तो कसा पुरेल?

ग्राउचोच्या बाबतीत सिनेमावाल्यांची अडचण खरी होती, हेही सांगायला हवं. तो चेहरा एका प्रसिद्ध कलाकाराचा, म्हणजे अमेरिकेत हक्कांचा प्रश्न आलाच. १९९९ मध्ये डार्क हॉर्स या अमेरिकी प्रकाशनाने इंग्रजीत ‘डिलन डॉग’ काढलं, तेव्हा ग्राउचोची मिशी उडवली आणि नावही फेलिक्स करून टाकलं! म्हणजे सिनेमाने त्याला गाळला तो केवळ लहरीपणातून नाही. पण प्रेक्षकाला कारण दिसत नाही, रिकामी जागा दिसते.

फाफेच्या वेळी आपण काय केलं?

हे सगळं ऐकताना मला आपला फास्टर फेणे आठवत होता. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदारचा सिनेमा आला तेव्हा मी शाळेत होते. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा शाळकरी बन्या सिनेमात मोठा झाला होता, अमेय वाघच्या रूपात. काळ आजचा, गुन्हा आजचा. आमच्या घरी बाबांनी आधीच जाहीर केलं होतं, की आपला फाफे तो दूरदर्शनवरचा, सुमीत राघवनचा. पुस्तकं तर त्यांना पाठ. थिएटरमध्ये ते हाताची घडी घालून बसले.

पण दिलीप प्रभावळकर पडद्यावर भागवत म्हणूनच आले, आणि बाबांची घडी सुटली. ज्या माणसाने हा पोरगा लिहिला तोच गोष्टीत आहे, म्हणजे करणाऱ्यांना पुस्तकाची कदर आहे, असं त्यांना वाटलं असणार. बाकीचे बदल त्यांनी मग पोटात घातले. मध्यंतरानंतर तर ते मलाच पुढे काय होणार ते सांगायला लागले.

वय बदललं, काळ बदलला, तरी चाललं. कारण मदतीला धावणारा, नको तिथे नाक खुपसणारा तो स्वभाव राहिला होता. (त्याच सरपोतदारने पुढे २०२४ मध्ये ‘मुंज्या’ केला आणि कोकणातल्या भुताने देशभर लोकांना हसवलं-घाबरवलं, ती गोष्ट वेगळी.) सांगायचा मुद्दा असा, की वाचक बदलाच्या विरोधात नसतो. त्याला पात्राची खूण हवी असते. ती पटली की तो बरंच माफ करतो.

इटलीतही याचं उदाहरण आहे. डिलनचा चेहरा रेखाटला गेला तो ब्रिटिश अभिनेता रुपर्ट एव्हरेट याच्यावरून. १९९४ मध्ये मिकेले सोआवीने ‘देल्लामोर्ते देल्लामोरे’ नावाचा सिनेमा केला. इंग्रजीत तो ‘सेमेटरी मॅन’ म्हणून ओळखला जातो. मूळ कादंबरी स्क्लावीचीच आणि हिरो म्हणून खुद्द एव्हरेट. नायकाचं नाव डिलन नाही, तो डिटेक्टिव्ह नाही, स्मशानाचा रखवालदार आहे. तरी कित्येक वाचक म्हणतात, की पडद्यावरचा खरा डिलन हाच. एकीकडे नाव आहे पण माणूस नाही, आणि दुसरीकडे नाव नाही पण माणूस सापडला. वाचकाने कुणाला आपलं म्हटलं, ते दिसतंच आहे.

नुसतं चिडून थांबले नाहीत

या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग आता येतो. कारण चिडणं सोपं आहे. आपण सगळेच चिडतो. ट्रेलर येतो, आपण ‘वाट लावली’ असं लिहितो, झोपतो.

इटलीतल्या काही तरुण पोरांनी वेगळं केलं. क्लाउदिओ दि ब्याजो हा यूट्यूबवर नाव कमावलेला मुलगा. त्याने आणि लेखक लुका वेक्कीने ठरवलं, की आपणच डिलन करू. पैसे लोकांकडून जमवले, क्राउडफंडिंग करून. २०१४ मध्ये ‘व्हित्तिमा देल्यी एव्हेंती’, म्हणजे ‘घटनांचा बळी’, हा तासाभराहून छोटा सिनेमा तयार झाला आणि यूट्यूबवर सगळ्यांसाठी फुकट ठेवला. वालेरिओ दि बेनेदेत्तो डिलन झाला. ग्राउचो परत आला, ते काम स्वतः वेक्कीने केलं. इन्स्पेक्टर ब्लॉकही परत आला आणि त्या भूमिकेला अलेस्सांद्रो आबेर यांच्यासारखा मुरलेला अभिनेता उभा राहिला.

गंमत म्हणजे त्यांनीही गोष्ट लंडनमध्ये ठेवली नाही. ती रोममध्ये घडते! म्हणजे शहर बदललं म्हणून राग होता, हा आपला अंदाज इथेच निकालात निघतो. ज्यांनी पैसे दिले त्यांना रोम चाललं. ग्राउचोशिवायचा डिलन नको होता.

आम्ही तोही लावला, रात्री अडीचनंतर. तो परफेक्ट नाहीये. कुठे कुठे बजेट दिसतं, काही सीन लांबलेत. राउथच्या सिनेमाइतका तो हसवत नाही, हे रूममेटनेही मान्य केलं. पण ग्राउचो पहिल्यांदा दिसला तेव्हा ती सावरून बसली आणि चहा करायला उठली नाही.

माझ्यासारख्या फुकटात सगळं बघणाऱ्या पिढीला यात विचार करण्यासारखं आहे. आपण प्रेक्षक म्हणून रिॲक्शन देतो, ती बहुतेकदा दोन शब्दांची असते. भारी किंवा बकवास. त्या पोरांनी आधी स्वतःलाच विचारलं असणार, की आपल्याला नक्की काय हवं होतं? त्याचं उत्तर सापडल्याशिवाय कॅमेरा सुरूच करता आला नसता. २०१९ मध्ये ‘कॉन्ज्युरिंग’वाल्या जेम्स वानच्या कंपनीसोबत ‘डिलन डॉग’वर मालिका करण्याची घोषणा झाली, तेव्हा माझ्या रूममेटसारख्यांचा पहिला प्रश्न राक्षसांबद्दल नव्हताच. ग्राउचो असणार का, हा होता.

रविवार सकाळ

दुसऱ्या दिवशी उठले तर किचनमध्ये दोघं बसलेली. गादीवरचा आणि रूममेट. मध्ये जॉनी फ्रीकचा अंक उघडा. त्याला इटालियनचं अक्षर येत नाही, त्यामुळे ती एकेक चौकट मराठीत सांगत होती आणि तो चित्रांवर बोट ठेवून ‘हा कोण? ही आई का?’ करत होता. एका पानावर ग्राउचोने काहीतरी जोक मारलेला. ती थांबली. शब्दांचा खेळ होता, मराठीत बसेना. तिने तीनदा प्रयत्न केला, मग वैतागून म्हणाली, “जाऊ दे, फार पाणचट आहे.”

“अगं पण सांग ना,” तो म्हणाला. “मला तो काढलेला नकोय.”